वाळू धुतली होतीस का?

दिवाळीची साफसफाई म्हणजे प्रत्येक घरातले एक लहानसे न्यायालयच असते, आणि त्यात नवऱ्याच्या मालकीच्या वस्तूंची बाजू मांडायला सहसा कुणी वकील नसतो. आमच्या घरी या दिवसांत माझी जुनी मासिके, एका काडीचा चष्मा, बंद पडलेले गजराचे घड्याळ यांच्यावर रीतसर खटले चालतात आणि बहुतेकांना हद्दपारीची शिक्षा होते. यंदा आरोपीच्या पिंजऱ्यात तीन फळ्या उभ्या होत्या. प्लायवूडच्या, दीड फूट लांब आणि फूटभर रुंद. पहिलीवर आटलेल्या तळ्याच्या तळाला पडाव्यात तशा भेगा होत्या. दुसरीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राला कुणीतरी कडेकडेने कुरतडून नक्षी काढली होती. तिसरीच्या अर्ध्या भागावर पांढरट पूड फुलून आली होती.

"या टाकून देऊ ना?" सौभाग्यवतींनी विचारले. शब्द प्रश्नाचे होते, पण हात आधीच फळीवर पडला होता.

"नको. ती माझी चित्रं आहेत."

तिने एकदा फळ्यांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती दुसऱ्या कपाटाकडे वळली. लग्नाला सतरा-अठरा वर्षे झाली, की पुष्कळ गोष्टी बोलून दाखवाव्या लागत नाहीत.

त्या फळ्यांना चित्रे म्हणणे हे धाडसच आहे, हे मलाही कळते. परंतु त्या न टाकण्याला कारण आहे, आणि ते सांगायचे तर आधी माझी एक चूक सांगितली पाहिजे. दिवाळीच्या अंकात माणसाने फराळाच्या गोष्टी कराव्यात, चुकांच्या करू नयेत, असे कुणी म्हणेल. तरी वाचक रागावणार नाहीत अशी मला आशा आहे. कारण ही चूक त्यांच्यापैकीही काहींनी आपापल्या घरी केलेली असेल.

दोन वर्षांपूर्वी आमची कन्या आठवीत होती आणि एलिमेंटरीच्या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करीत होती. एका रविवारी ती स्मरणचित्राचा सराव करायला बसली. विषय होता समुद्रकिनारा. त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही गुहागरला जाऊन आलो होतो, आणि तिथली वाळू तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून आणली होती. आता तिने काय केले, तर कागदावर किनाऱ्याच्या जागी डिंक फासला आणि त्यावर चिमटीचिमटीने ती वाळू भुरभुरली. पाण्याच्या जागी आधी मेणबत्ती घासली आणि मग वरून निळा जलरंग फिरवला. जिथे मेण लागले होते तिथे रंग बसेना. तो बाजूला सरला आणि लाटांचा फेस आपोआप पांढरा उमटला.

मी चहाचा कप हातात घेऊन मागे उभा होतो. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते, कारण अशी वाक्ये बोलणारा विसरू म्हटले तरी विसरत नाही.

"हे काय मांडलंयस? परीक्षेला वाळूची बरणी घेऊन जाणार आहेस का? असला कचरा लावलेला कागद परीक्षक हातात तरी धरतील का? आधी सरळ रंगवायला शीक, मग हे चाळे कर."

ती काही बोलली नाही. तिने दुसरा कागद घेतला, किनारा पिवळ्या रंगाने आणि समुद्र निळ्या रंगाने भरला. रंग रेषेच्या बाहेर कुठेही गेला नव्हता. मी "शाबास" म्हणालो. पुढे परीक्षा झाली, श्रेणी मिळाली, आम्ही पेढे वाटले. त्यानंतर तिची रंगपेटी जी मिटली ती मिटलीच. महिना गेला, सहा महिने गेले. अभ्यास वाढला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि मुलांचे नाद असेच येतात-जातात, असे शेजारच्या आजोबांनाही समजावून सांगितले.

तेरा महिन्यांनी पुढची दिवाळी आली आणि आमच्या सोसायटीच्या अंगणात पोरांनी किल्ला करायला घेतला. आपल्याकडची मुले मिश्र माध्यमातले पहिले काम करतात ते इथेच. त्या कामाला असले भारदस्त नाव आहे हे त्यांना ठाऊक नसते इतकेच. दगड-विटांचा ढीग रचायचा, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पांघरायचे, ओलसर असतानाच त्याचे कडे आणि बुरूज घडवायचे, वरून अळीव पेरायचे. माती, ज्यूट, वीट, बी आणि पाणी एवढी साधने एका कृतीत नांदतात, आणि त्यांतले एकही चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळत नाही.

मी गच्चीतून पाहत होतो. आमची कन्या लहान मुलांच्या घोळक्यात बसली होती. तिने नारळाची शेंडी मुठीत धरून ओल्या चिखलावर दाबली आणि हलकेच उचलली. कड्याला खडकाचा खरखरीतपणा आला. मग मोडक्या कंगव्याचे दात तटावरून आडवे ओढले; दगडी चिऱ्यांचे थर दिसू लागले. एक थर बिघडला तेव्हा तिने तो पुसला नाही. त्याच्यावर मातीचा गोळा थापून ढासळलेला बुरूज केला. पोरे आरडाओरडा करीत होती, पण तिचा हात शांत होता. तो हात सरावाचा होता. तेरा महिने बंद असलेला हात असा चालत नाही.

तेव्हा मला उमगले, की या मुलीने हे सारे करणे सोडलेलेच नव्हते. तिने ते माझ्यासमोर करणे सोडले होते.

बापाने मुलीची क्षमा मागणे ही आपल्याकडे अजून फारशी रुळलेली गोष्ट नाही. मलाही ते जमले नाही. मी एक आडवळणाची वाट काढली. ठरवले, की आपणच चित्र काढायचे, आणि तेही वाळू-मातीचे. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी प्लायवूडच्या चार फळ्या, सुतार वापरतात तो पांढरा गम आणि खडूची पूड घेऊन घरी आलो. सौभाग्यवतींना वाटले, की कपाटाचे दार दुरुस्त होणार. तिची निराशा झाली.

पहिल्या फळीवर मी पूड आणि गम कालवून बोटभर जाडीचा थर एकदम थापला, त्यावर काट्याने रेघोट्या ओढल्या आणि लवकर वाळावे म्हणून फळी भर उन्हात ठेवली. संध्याकाळी पाहतो तो तिच्यावर ही मोठी मोठी भगदाडे. माझी आई शेजारी तांदूळ निवडीत होती. ती उठून आली, तिने चष्मा वर केला आणि विचारले, "हे काय सारवलंस?"

"आई, हे चित्र आहे."

"असू दे. पण एवढा थर एकदम देतात का? वरचं आधी वाळतं नि आकसतं, आतलं ओलंच असतं. मग वरचं फाटणार नाही तर काय होणार? आणि नुसत्या पिठीनं कधी धरलंय का? आमच्याकडे भिंतीच्या मातीत भाताचं तूस घालून तुडवायचे, शेण घालायचे. मातीला धरून ठेवणारं काहीतरी आत लागतं."

कोकणातल्या घराच्या भिंती लिंपण्यात जिची उमेद गेली त्या बाईने मला दोन वाक्यांत जे सांगितले, तेच पुढे मी अजिंठ्याविषयी वाचले. तिथल्या चित्रांखाली जो गिलावा आहे तो मातीचाच आहे. त्या मातीत दगडाची भरड किंवा वाळू आहे, वनस्पतींचे तंतू आहेत, भाताचे तूस आहे. आणि त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. त्यांतले बहुतेक रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, काजळी अशा ठेवणीतल्याच वस्तू. भरड असली म्हणजे माती कमी आकसते, आणि तंतू असले म्हणजे आकसली तरी फाटत नाही. ज्या कारागिरांनी हे पहिल्यांदा केले, त्यांच्याही काही भिंती आधी तडकल्या असणारच. त्या तडकलेल्या भिंती आपण पाहायला जात नाही, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या फळीवर मी शहाणपणा केला. जाड थर नको, म्हणून वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवले आणि त्यावर पातळ रंग दिला. दिसायला ते फार बरे दिसले. मी ते पुस्तकांच्या कपाटावर उभे केले. पंधरा दिवसांनी त्याच्या कडा नाहीशा होऊ लागल्या. झुरळांना माझी कला पचली होती. पुस्तकबांधणी करणारे लोक खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, हे मला तेव्हा आठवले. पण मोरचूद विषारी, ते मुलाबाळांच्या घरात कालवीत बसण्याची वस्तू नव्हे. शिवाय उरलेला कागद उन्हाच्या बाजूने पिवळा पडला तो वेगळाच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा. त्यातले लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळे पडते. आजची बातमी उद्या शिळी का होते, याचे एक रासायनिक कारणही मला असे मिळाले.

गंमत अशी, की हा कीटकांचा उपद्रव अजिंठ्यालाही चुकलेला नाही. गिलाव्यातल्या तूस-तंतूंनी जशी माती धरली, तसे किडींना खाद्यही पुरवले. शेजारच्या वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले, आणि तिथे किडींचा त्रास कमी असण्याचे श्रेय संशोधकांनी त्या तंतूंना दिले. वेरूळच्या कारागिरांनी हे जाणूनबुजून केले असेल, तर कुणाच्या तरी कुरतडलेल्या भिंतीकडे त्यांनी बारकाईने पाहिले असले पाहिजे.

दोन फळ्या वाया गेल्यावर मी माझ्या पेशाला शोभेल असा मार्ग धरला. म्हणजे ग्रंथालयात गेलो. तिथे मला अशी माणसे भेटली, की ज्यांच्यापुढे माझी कन्या वाळूची बरणी घेऊन गेली असती, तर त्यांनी तिला बसायला जागा करून दिली असती.

जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराचे वडील आणि आजोबा घरे रंगवण्याचा धंदा करीत. त्यानेही आधी तेच काम शिकून घेतले होते. साध्या लाकडाला उंची लाकडाचे रेषारेषांचे रूप द्यायचे, तर रंगारी ओल्या रंगावरून कंगवा ओढतात. ही युक्ती ब्राकने कॅनव्हासवर आणली. १९१२ साली त्याने रंगात वाळू मिसळली, आणि त्याच वर्षी आव्हिन्यों गावच्या दुकानात लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद दिसला तेव्हा त्याचे तुकडे कापून चित्रात चिकटवले. त्याचा मित्र पिकासो यानेही १९१२ मध्ये वेताच्या खुर्चीची विण छापलेले मेणकापड चित्रात लावून चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला होता. मिश्र माध्यमाची वाट आधुनिक चित्रकलेत रुळली ती या सुमाराला. आणि तिचे पहिले सामान रंगाऱ्याच्या नि वाण्याच्या दुकानातले होते. किल्ल्याच्या तटावर फिरलेला तो मोडका कंगवा मला आठवला, आणि खरे सांगतो, पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसताच बसलो.

दुसरा माणूस माक्स एर्न्स्ट. १९२५ च्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खानावळीत उतरला होता. पाऊस पडत होता. खोलीच्या लाकडी जमिनीवरच्या झिजलेल्या रेषांकडे पाहता पाहता त्याला राहवेना. त्याने त्या फळ्यांवर कागद पसरला आणि वरून शिसे घासले. रेषा उमटल्या, आणि त्या रेषांत त्याला प्राणी नि अरण्ये दिसू लागली. आपण सगळ्यांनी लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासलेली आहे. एर्न्स्टने तेच केले. फक्त तो तिथे थांबला नाही. पाने घासली, तरट घासले, आणि पुढच्याच वर्षी त्यांतून चित्रांचा एक संच प्रसिद्ध केला.

आणि तिसरे आपल्याच मातीतले वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेले. पुढे त्यांनी ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. रंगाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच काही उचलायचा, खरवडायचा, पुन्हा पातळ थर द्यायचा. त्यांच्या चित्रात जो आतून आल्यासारखा उजेड दिसतो, तो असा दिलेल्या आणि काढून घेतलेल्या थरांचा आहे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पुरी करीत. २००१ साली ते गेले. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. किती लावले यापेक्षा किती काढून घेतले यावर चित्र उभे राहते, हे मला या माणसाच्या कामावरून कळले.

कळले, पण वळले नाही. चौथ्या फळीवर मी जे केले ते सांगायला आता लाज वाटते. ग्रंथालयातून जोमाने परत आलो तो वाळू, लाकडाचा भुसा, गोणपाट, तुटलेली बटणे, सुतळी, मसूर, सगळे एका फळीवर चिकटवले. आठवडाभर ते काम चालले होते. कन्या येताजाता दारात घटकाभर थांबे आणि निघून जाई. मी तिला बोलावले नाही; मला भीती वाटत होती, की बोलावले तर ती थांबणारच नाही. शेवटच्या दिवशी मात्र ती आत आली, फळीकडे पाहिले आणि म्हणाली,

"बाबा, हे चित्र आहे की भेळ?"

वर्षभरात चित्राविषयी ती माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य. माझ्या आयुष्यात माझ्या लेखनावर पुष्कळ परीक्षणे आली; इतके नेमके एकही नव्हते.

"मग काय करायला हवं होतं?" मी विचारले.

"एका वेळी एकच काहीतरी बदल ना. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार कसं?"

एवढे बोलून ती गेली. मी भेळेची फळी खरवडून सपाट केली, तिच्यावर पेन्सिलीने नऊ चौकोन आखले आणि तिच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात केली. वाचकांपैकी कुणाच्या घरी सुट्टीत मुले कंटाळली असतील, तर हा नऊ घरांचा पट त्यांनी जरूर मांडून पाहावा. खर्च फराळाच्या एका पदार्थाहून अधिक नाही. प्रत्येक घरात तोच गम आणि तीच पूड, पण दर घरात एकच फरक. एका घरात पूड जास्त घाला. वाळल्यावर बोट फिरवले की ती हाताला लागते, कारण तिला धरणारा गम पुरत नाही. दुसऱ्यात गम जास्त घाला. थर चिवट होतो, पण इतका गुळगुळीत, की जलरंग त्यावरून अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळतो. एका घरात जाड थर एकदम, शेजारच्यात तोच माल तीन पातळ थरांत, प्रत्येक थर सावलीत वाळवून. एकात चाळलेली वाळू, एकात भुसा, एकात ओल्या थरावर दाबून काढलेली नारळाची शेंडी, एकात कंगवा. राहिलेल्या नवव्या घरात प्लास्टर ऑफ पॅरिस. ते वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, हाताला ऊनही लागते, आणि विचार करायला दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ देत नाही. शेवटी सगळ्यांवर एकच पातळ तपकिरी रंग फिरवायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचा. रंग खळग्यांत राहतो, उंचवट्यांवरून जातो, आणि नऊ घरांतून नऊ निराळ्या जमिनी वर येतात. तैलरंग वापरायचा असेल तर तो या सगळ्यावर शेवटी, खालचे पुरे वाळल्यावर द्यावा. तेलावर पाण्याचा रंग धरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काय केले ते फळीच्या मागे तारखेसकट लिहून ठेवायचे. आपली आठवण यशाच्या बाबतीत फार उदार असते आणि चुकीच्या बाबतीत फार विसराळू.

आपल्या भाषेत याला 'पोत' असा एक सुरेख शब्द आहे. कापडाला पोत असतो, जमिनीला पोत असतो. दोन्ही ठिकाणी तो नुसता पाहून कळत नाही. बोटांमध्ये घेऊन चोळावा लागतो. मी वीस वर्षे वर्गात कवितेच्या पोताविषयी बोलत आलो, आणि विद्यार्थ्यांनी तो बोटांत घेऊन पाहावा म्हणून काय केले? आदर्श उत्तरे लिहून दिली. उत्तरपत्रिकेत खाडाखोड नको, म्हणून बजावले.

गेल्या सहामाहीत मी मुलांना सांगितले, की निबंधासोबत कच्चे पानही जोडा. गुण पक्क्यालाच मिळतील, पण मला कच्चे पाहायचे आहे. एका मुलाने कच्च्या पानावर आपल्या गावच्या बंद पडलेल्या गिरणीविषयी एक वाक्य लिहिले होते, आणि त्यावर जाड काट मारून पक्क्या पानात मार्गदर्शकातले एक गुळगुळीत वाक्य उतरवले होते. मी त्याला बोलावून विचारले, की हे का खोडलेस?

"सर, असं लिहिलेलं चालणार नाही असं वाटलं."

त्याच्या त्या खोडलेल्या ओळीखाली मला गुहागरची वाळू दिसली.

आता तिसऱ्या फळीचे सांगायचे राहिले. ती मी जानेवारीत केली. माळ्यावर तीच लोणच्याची बरणी होती, तिच्यात चार मुठी वाळू उरलेली होती. नऊ घरांचे सगळे धडे गिरवून मी ती वाळू पातळ थरांत बसवली, सावलीत वाळवली. एकही भेग पडली नाही. मला मनातून गर्व झाला होता, हे नाकारीत नाही. पावसाळा आला तेव्हा फळी हाताला दमट लागू लागली. म्हटले, हवाच तशी आहे. पाऊस ओसरला, ऊन पडले आणि फळीवर पांढरी पूड फुलू लागली. पुसली, तर आठ दिवसांनी पुन्हा आली. आईने लांबूनच पाहून निदान केले, "लोणा लागलाय."

लोणा लागायला फळी काही जुन्या वाड्याची भिंत नव्हे. मी ती उलटीपालटी करून पाहत होतो, इतक्यात पाठीमागून आवाज आला.

"बाबा, वाळू धुतली होतीस का?"

"धुवायची असते?"

"समुद्राची आहे ना ती. मीठ असतं तिच्यात. पावसात ते पाणी ओढून घेतं, आणि नंतर वाळलं की असं वर येतं. गोड्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवायची. शेवटचं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत."

"तुला कसं ठाऊक?"

ती जरा थांबली. मग आत गेली आणि आपल्या गादीखालून एक कागद घेऊन आली. तो मी ओळखला. किनाऱ्यावरची वाळू जागोजाग गळली होती, उरलेल्या वाळूवर तोच पांढरा लोणा होता. मेणाने राखलेला लाटांचा फेस मात्र जसाच्या तसा होता. मी समजत होतो, की तो कागद त्याच दिवशी केराच्या टोपलीत गेला. दोन पावसाळे तिने तो जपला होता, अधूनमधून काढून पाहिला होता, आणि आपले काय चुकले ते त्यावरून शिकून घेतले होते. कागदाच्या मागे बारीक अक्षरात तारखा होत्या. 'जुलै, ओलसर.' 'नोव्हेंबर, पांढरे.' 'वाळू धुवायला हवी होती.' तिने माझ्या शब्दांची नोंद कुठे केली होती का, हे पाहण्याचा धीर मला झाला नाही.

"मी तेव्हा जे बोललो..." मी सुरुवात केली.

"डिंक पण कमी पडला होता," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातातून घेऊन परत ठेवायला गेली. क्षमा मिळाली की नाही ते मला अजून नक्की माहीत नाही. परंतु तो कागद मला दाखवला गेला, एवढे खरे.

तर अशा या तीन फळ्या. पहिलीच्या मागे मी 'जाड थर, एकदम, उन्हात' असे लिहिले आहे. दुसरीच्या मागे 'खळ, झुरळे'. आणि तिसरीच्या मागचे अक्षर माझे नाही. साफसफाईच्या खटल्यात त्या यंदा निर्दोष सुटल्या, असे म्हणता येणार नाही; पण शिक्षा तहकूब झाली आहे.

कन्या आता दहावीत आहे. या वर्षी तरी तिला अभ्यास सोडून दुसरे काही करू देऊ नका, असे येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो, आणि तिचे पुढे काय व्हायचे आहे ते मला माहीत नाही. परवा सकाळी सौभाग्यवती गच्चीतून हाक मारू लागल्या, "अहो, हे इथे वर्तमानपत्रावर काय वाळत घातलंय? केर भरून घेऊ का?"

मी जाऊन पाहिले. एका कागदावर बारीक वाळू हाताने सारखी पसरून ठेवली होती. शेजारी लोणच्याची बरणी होती, रिकामी, स्वच्छ धुतलेली. मी एक कण जिभेवर ठेवून पाहिला. अजिबात खारट नव्हता.

"राहू दे," मी म्हणालो. "हात लावू नकोस. ती वाळायला ठेवलीय."